कॅमेरा आपला, पासवर्ड कुणाचा?



वसंत व्याख्यानमालेत डीव्हीआरवर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रावर बोलायचं म्हणजे विषय रुक्षच. पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या सोसायटीत तो काळा खोका आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये, धूळ खात. कॅमेरे बसवणाऱ्याने त्याच्यावर पट्टी चिकटवून स्केचपेनने 'अ‍ॅडमिन' आणि पुढे पासवर्ड लिहून ठेवलेला असतो. कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगावी, तसा प्रकार.

तो खोका म्हणजे एक संगणकच आहे, आणि मोबाइलवर गेट दिसावं म्हणून आपण त्याला इंटरनेटवर आणलेलं असतं. याचा परिणाम जगाने 2016 साली पाहिला. 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हुडकत फिरायचा. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. त्यातली एखादी लागू पडली की यंत्र त्याचं. अशा यंत्रांच्या फौजेने 21 ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट कित्येकांना काही तास उघडेनात. मिराई तयार करणाऱ्या तिघा तरुणांनी पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला. यंत्रांचे मालक मात्र आपापल्या घरी निवांत होते. त्यांचं चित्रीकरण नेहमीसारखंच चाललं होतं!

त्यातली एक गोष्ट मला फार बोचते. काही चिनी बनावटीच्या डीव्हीआरमध्ये स्क्रीनवरून पासवर्ड बदलला, तरी आतल्या टेलनेटच्या, म्हणजे दुरून यंत्राला आज्ञा देण्याच्या दाराचा कारखान्यातला पासवर्ड तसाच राहत असे, आणि मालकाला तो बदलताही येत नसे. यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जाई, पण दार उघडंच असल्याने पुन्हा आत शिरे. म्हणून नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. यंत्र बाहेरून थेट दिसताच कामा नये.

त्यासाठी डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क'च्या पानावर 'यूपीएनपी' शोधा आणि बंद करा. हे चालू असलं की डीव्हीआर राउटरला परस्पर सांगतो, 'माझ्यासाठी बाहेरचं दार उघड', आणि राउटर मालकाला न विचारता उघडतो. मग राउटरमध्ये जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत कुणी हाताने काही घालून ठेवलंय का, तेही बघा. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये टेलनेटपुढे खूण दिसली तर काढा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून आत येणारी कुलूपबंद खासगी वाट उत्तम. कंपनीचं अ‍ॅप सोयीचं, पण तिथे विश्वास कंपनीवर टाकावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. कंपनीने ते देणं बंद केलं असेल, तर त्या यंत्राला इंटरनेटची वायर लावूच नका.

वॉचमनला अ‍ॅडमिनचं खातं कशाला? त्याला फक्त बघण्याचं वेगळं खातं काढून द्या. अन् हो, घड्याळही लावा. तारीख चुकलेलं फुटेज पोलिसांपुढे ठेवलं की पहिला तासभर त्या खुलाशातच जातो.

ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून सहज ओळखता येणारे कारखानी पासवर्ड कायद्याने बंद केले. आपल्याकडेही एप्रिल 2025 पासून बाजारात येणाऱ्या सीसीटीव्हींना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. चांगलं झालं, पण भिंतीवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांना त्याचा काय उपयोग? ते आपल्यालाच बघावे लागणार.

माझ्या मते हा प्रश्न तंत्राहून अधिक कारभाराचा आहे. सेक्रेटरी बदलतात, ठेकेदार बदलतो, पासवर्ड तोच राहतो. जुन्या सेक्रेटरींच्या मोबाइलवर आपलं जिन्यातलं येणं-जाणं अजून दिसत असतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. तेव्हा कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणत्या दोघांकडे, फुटेज कुणाच्या परवानगीने द्यायचं आणि पदाधिकारी बदलले की पासवर्ड कुणी बदलायचा, याचा ठराव करून इतिवृत्तात लिहा. पासवर्ड तेवढा त्या वहीत लिहू नका!