धुराचे दुखणे आणि रोजचे दहा रुपये
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला धम्म सोडून चुलीवर काय बोलता, असे काही जण म्हणतील. म्हणू द्या.

आम्ही गिरणीतली माणसे. कापसाची धूळ छातीत बसून जो रोग होतो, त्याला कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून जागा आहे. त्यासाठी भांडता येते, भरपाई मागता येते. आमची आई मात्र चुलीपुढे खोकत खोकत गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "बाई, विडी ओढता का?" जन्मात विडीला हात न लावलेली बाई! तिच्या धुराची नोंद कुठल्या कायद्यात सापडणार? दमा, मोतीबिंदू, लहान लेकरांना न्यूमोनिया, हे सगळे या धुराचेच देणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे गेली. त्यात पाच वर्षांच्या आतली लेकरे दोन लाखांवर होती.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याकडेच होता. वीज स्वस्त हवी आणि मुबलकही हवी, त्याशिवाय या देशातली गरिबी हटणार नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. आपण जयंतीला विजेची रोषणाई करतो, पण हे बाबासाहेब आपल्या भाषणांत फारसे येत नाहीत.

आता फुकटाचे सांगतो. ऐंशीच्या दशकात सरकारने गावोगाव सुधारित चुली बसवल्या. हेतू चांगला होता. पण चूल फुटली, धुराडे तुंबले, तर दुरुस्तीला कोण येणार? कितीतरी बायांनी ती फोडून जुनी चूल मांडली.

याच्या उलट गोष्ट शेजारच्या कर्नाटकातली. हरीश हांडे नावाच्या इंजिनिअरने १९९५ साली बंगळुरूला 'सेल्को' ही कंपनी काढली. गरिबांच्या घरी सौर दिवे लावायचे, पण फुकट नाही, विकत. ग्रामीण बँकेकडून कर्ज मिळवून द्यायचे आणि जवळच दुरुस्तीचे केंद्र ठेवायचे. रॉकेलची चिमणी गेली, तिचा धूर गेला, लेकरू भाजायची भीती गेली. सुईणींसाठी डोक्याला बांधायचा दिवाही त्यांनी केला, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. २०११ साली हांडेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नीलिमा मिश्रांनाही मिळाला, बचत गटांच्या कामासाठी.

हांडे एका हातगाडीवालीची गोष्ट सांगतात. महिन्याला तीनशे रुपये तिला जड जात होते, पण रोजचे दहा तिला परवडत होते. हिशेब तोच! शिकलेल्या माणसाला हसू येईल, पण रोजावर जगणाऱ्या घरात महिनाअखेर नसते, संध्याकाळ असते. आमच्या मते सगळी मेख इथेच आहे.

आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला. शेगडी आली, टाकी आली. पण टाकी संपली की सगळे पैसे एकदम मोजावे लागतात, मग ती कोपऱ्यात उभी आणि चूल पुन्हा पेटलेली. गावाकडे जाऊन बघा, आपल्याच भावकीत दिसेल. तिथे बाईला आळशी, जुन्या वळणाची म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिच्या हातात रोज किती पैसे येतात, हे विचारणारा भेटत नाही.

म्हणून समितीपुढे आमचे एवढेच मागणे आहे. महिला मंडळाने विहारात एक डबा ठेवावा. ज्या घरांना टाकी जड जाते, त्यांनी रोज वंदनेला येताना दहा रुपये टाकावेत आणि वहीत नावावर मांडावेत. टाकी संपली की त्यातून भरायची. कमी पडले तर मंडळाने उसने द्यावेत, तेही दहा-दहानेच फिटतील. पाच किलोची लहान टाकीही मिळते, तिची चौकशी तरुण पोरांनी करावी. वही आम्ही आणून देतो. पहिले दहा रुपये आज, हे भाषण संपल्यावर टाकू.

जयभीम!