द्रवाला आकार नसतो?

‘द्रवाला स्वतःचा आकार नसतो’ हे वाक्य तुम्ही पाठ केले, गुणही मिळवले. पण पडताळून पाहिले का? १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवले, की वरखाली कंप पावणाऱ्या पट्टीवरील पाण्यात नक्षीदार लाटा उठतात. पट्टी दोनदा हलते तेव्हा लाट एकदा. २००४ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरचा थर जोराने हलवत ठेवला व हवेच्या झोताने त्यात भोक पाडले. ते बुजलेच नाही! कंपन आणखी वाढवताच कडेतून बोटांसारखे उंचवटे वर आले. जोर बसला की हे मिश्रण घट्ट होते. त्याला प्रयोगशाळा कशाला हवी? अम्मीला विचारून वाटीभर दाट कालवा, मुठीत आवळा, मग मूठ सोडा. मोरीत मात्र ओतू नका, तुंबेल.