आधी प्रश्न, मग यंत्र

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुद्धिदात्या गणरायासमोर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोला, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही प्राध्यापक नव्हे. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली आणि नोंदवह्या, तक्ते, अहवाल यांतच वीस-बावीस वर्षं काढलेली माणसं. पण डेटा सायन्स ज्यावर चालतं तो डेटा आमच्यासारख्यांच्याच टेबलावर तयार होतो. त्या नात्यानं चार शब्द बोलतो.

आज देशभरातल्या विद्यापीठांत डेटा सायन्स आणि एआयच्या संस्था निघत आहेत. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अशी संस्था उभी करायची झाली, तर तिचा दहा-पंधरा वर्षांचा आराखडा कसा असावा, एवढाच आजचा विषय आहे. आराखडा म्हटला की पहिल्या पानावर इमारत, दुसऱ्या पानावर यंत्रसामग्री आणि तिसऱ्या पानावर सामंजस्य करार, असा आपल्याकडचा रिवाज. आमच्या मते पहिल्या पानावर प्रश्न हवा.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. जागा म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागातली एक खोली, आणि पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांच्या आत. पण संस्थेच्या आधीच त्यांच्याकडे प्रश्न होते. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचा तळ वर आला आहे, तेव्हा बांध उंच करावेत, असं अभियंत्यांचं मत पडलं. महालनोबीसांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर तळ वर आलेलाच नव्हता. वरच्या खोऱ्यात पाऊसच फार झाला होता. बांध वाढवण्यापेक्षा वरच्या अंगाला धरण घालून पाणी अडवावं, असं त्यांनी सुचवलं. त्यांची ही आकडेमोड पुढे महानदीवरच्या हिराकूड धरणाच्या योजनेला उपयोगी पडली. संस्थेत पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आला तो १९५६ साली, म्हणजे स्थापनेनंतर २५ वर्षांनी. तोवर कामं थांबली नव्हती.

आता आपला प्रश्न. तो शोधायला लांब जायला नको. पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. २०२४च्या ऑगस्टअखेर पाणी ३५ फुटांवर गेलं. त्या दिवसांत प्रत्येक घरात एकच विचारणा होती: आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येईल आणि कितव्या पायरीपर्यंत येईल? तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेले वडील असतील, तर त्यांना रात्रीच वर न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. ‘सतर्क राहा’ एवढ्यानं ते ठरत नाही. पाऊस, आजव्याची पातळी, सोडलेलं पाणी, नदीत मिळणारे ओढे आणि शहराचा चढउतार यांचा मेळ घालून गल्लीनिहाय अंदाज देणं, हे डेटा सायन्सच्या संस्थेचं काम आहे. बडोद्याच्या संस्थेनं हे नाही करायचं, तर कोणी करायचं?

दुसऱ्या पानावर नोंदी. इथे आम्हाला थोडं अधिकारानं बोलता येतं. पर्जन्यमापकाच्या तक्त्यात शून्य आणि रिकामा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रिकामं म्हणजे कोणी पाहिलं नाही. संगणकात भरताना दोन्ही शून्य झाले, की यंत्राला वाटतं त्या दिवशी ऊन होतं. कुठे पाणी फुटात मोजलेलं, कुठे मीटरमध्ये. पुलाची दुरुस्ती झाली आणि मोजपट्टी नव्यानं बसवली, तर आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जुळत नाहीत. यंत्र कितीही महागडं घेतलं तरी ही गोष्ट त्याला माहीत नसते. ती ज्या कारकुनाला आणि चौकीदाराला माहीत असते, तो निवृत्त होण्यापूर्वी त्याच्याशी बसून ती लिहून घ्यावी लागते. संस्थेची पहिली दोन वर्षं या कामात गेली, तरी ती वाया गेली असं समजू नये.

तिसरी गोष्ट, सगळं एकदम करायचं नाही. लंडनची अ‍ॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूट २०१५ साली पाच नामांकित विद्यापीठांनी मिळून उभारली. तिनंही २०२३च्या धोरणात आरोग्य, पर्यावरण आणि संरक्षण या तीन विषयांवर भर देण्याचं ठरवलं. एवढ्या मोठ्या संस्थेला निवड करावी लागते, तर आपण वीस विषयांची यादी छापून काय साधणार? दोन प्रश्न घ्यावेत आणि ते तडीस न्यावेत.

आणि निवडलेलं कामही आधी लहान जागी करून पाहावं. ही पद्धत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली आधी अमरेली भागात सुरू केलं. तिथला अनुभव घेऊन १९०६ साली ते साऱ्या संस्थानात लागू झालं. पुराचा अंदाजही आधी नदीकाठच्या दोन-तीन वस्त्यांसाठी करावा, एक पावसाळा ताडून पाहावा, मग शहरभर न्यावा.

चौथी गोष्ट माणसांची आणि भाषेची. १८९० साली महाराजांनी कलाभवन काढलं तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांनी तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत देण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. नव्या संस्थेतही पीएचडी झालेल्यांबरोबर डिप्लोमावाल्यांना, नोंदी राखणाऱ्यांना कायम जागा हव्यात. आणि पुराचा इशारा गुजराती, मराठी, हिंदीत, घरातल्या आजीला कळेल असा हवा.

दुसरा प्रश्न आम्ही सुचवू तो मोडीचा. गायकवाडी कारभाराची कितीतरी कागदपत्रं मोडीत आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर पणजोबांच्या पेटीतही आहेत. यंत्राला मोडी वाचायला शिकवता येते, पण त्यासाठी पानासमोर त्याचं अचूक वाचन ठेवावं लागतं, आणि तशी हजारो पानं लागतात. ते वाचन करणारे ज्येष्ठ आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. इमारत पाच वर्षांनीही बांधता येईल. ही माणसं पाच वर्षांनी असतीलच असं नाही.

पैशाचं एकच सांगतो. इमारत आणि यंत्रं यांना मंजुरी लवकर मिळते, देखभालीला मिळत नाही, हा सरकारी नोकरीतला आमचा रोजचा अनुभव. अशी यंत्रं पाच-सहा वर्षांत जुनी होतात, वीज आणि वातानुकूलन अखंड लागतं. म्हणून आराखड्यात सहाव्या वर्षाचा खर्च लिहिलेला नसेल, तर तो आराखडा अपुरा समजावा. दर तीन वर्षांनी बाहेरच्या माणसांनी तपासणी करावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा.

यात मंडळानं काय करावं? पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं त्या खुणा, तारखा आणि वेळा प्रत्येक कुटुंबाकडून एका वहीत लिहून घ्याव्यात. घरोघरच्या मोडी कागदांची यादी करावी आणि मोडी जाणणाऱ्या ज्येष्ठांना दर रविवारी तरुणांबरोबर बसवावं. उद्या विद्यापीठाची संस्था उभी राहील तेव्हा ही वही आणि ही यादी तिच्या हाती देता येईल. संस्था लांबली, तरी पुढच्या पावसाळ्यात वही आपल्याच उपयोगी पडेल. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून सुरुवात करू. वही आम्ही आणतो.

गणपती बाप्पा मोरया!