यंत्र, मुक्ती आणि प्रेक्षकांचा कौल



एखाद्या कलाकृतीवर 'समाजवादी' असा शिक्का बसला की प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एक तट ती न पाहताच डोक्यावर घेतो आणि दुसरा न पाहताच बाजूला सारतो. दोघांचेही काम सोपे होते. अन्याय मात्र कलाकृतीवर होतो आणि त्याहून अधिक स्वतःच्या विचारशक्तीवर होतो. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला फ्रेंच चित्रपट गेली नव्वदहून अधिक वर्षे या दोन्ही तटांना चकवीत आला आहे. त्याचे नाव 'आ नू ला लिबेर्ते', म्हणजेच 'स्वातंत्र्य आमचे!'. दिग्दर्शक रेने क्लेअर. प्रदर्शनाचे वर्ष १९३१.

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. लुई आणि एमिल हे दोघे एकाच तुरुंगातील कैदी. लांबलचक बाकांपुढे रांगेने बसून लाकडी खेळण्यातले घोडे जुळवायचे, हे त्यांचे काम. दोघे मिळून पळून जाण्याचा बेत करतात. लुई निसटतो, एमिल मागे राहतो. बाहेर पडलेला लुई ग्रामोफोन विकू लागतो आणि पाहता पाहता एका अवाढव्य कारखान्याचा मालक होतो. यथावकाश एमिलही सुटतो आणि योगायोगाने त्याच कारखान्यात कामगार म्हणून येऊन पोहोचतो. तेथे त्याला काय दिसते? तीच रांग, तोच गणवेश, तीच पहारेकऱ्यांची करडी नजर. तुरुंगात घोडे जुळवले जात होते, येथे सरकत्या पट्ट्यावर ग्रामोफोन जुळवले जातात. फरक एवढाच. क्लेअर यांनी यावर एकही भाषण ठेवलेले नाही. तुरुंगाचे दृश्य आणि कारखान्याचे दृश्य यांची रचना जवळजवळ एकसारखी करून त्यांनी निष्कर्ष प्रेक्षकांवर सोडला आहे. नेपथ्यकार लाझार मीरसन यांच्या या कामगिरीमुळे चित्रपटाला कला-दिग्दर्शनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. परभाषिक चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळण्याचा तो पहिला प्रसंग मानला जातो.

या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांचे मत काय होते, याचा एक नोंदलेला पुरावा इतिहासात आहे आणि तो मोठा उद्बोधक आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये व्हेनिसला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्या वर्षी परीक्षक मंडळ नव्हते. कौल प्रेक्षकांकडून घेण्यात आला. इटलीत तेव्हा मुसोलिनीची राजवट होती. त्या राजवटीतील प्रेक्षकांनी सर्वांत मनोरंजक चित्रपट म्हणून कोणाला पसंती दिली? याच 'आ नू ला लिबेर्ते'ला. दिग्दर्शकांमध्ये त्यांचा कौल मिळाला तो सोव्हिएत रशियाच्या निकोलाय एक यांना. सत्तेचे तत्त्वज्ञान एक आणि प्रेक्षागृहाचा कौल दुसराच! याच व्हेनिसमध्ये पाच वर्षांनी, १९३७ साली, प्रभातच्या 'संत तुकाराम'चाही गौरव झाला. परक्या भाषेतील भक्तिरसही तेथे पोहोचला आणि फ्रेंच उपहासही पोहोचला. प्रेक्षक हा वाटतो तितका शिक्क्यांचा गुलाम नसतो, हाच याचा अर्थ.

मग हा चित्रपट खरोखर समाजवादी आहे काय? त्या काळात आपण डाव्या विचारांच्या जवळ होतो आणि माणसाला सुखी करण्याऐवजी त्याला दास बनवणाऱ्या यंत्राविरुद्ध आपल्याला बोलायचे होते, असे क्लेअर यांनी पुढे स्वतःच सांगितले. तरीही निष्ठावान डाव्या प्रेक्षकाची या चित्रपटापुढे पंचाईत होते. त्याच्या दृष्टीने पाहावे तर येथे संघटना नाही, संप नाही, वर्गसंघर्ष नाही. शेवटी कारखाना कामगारांच्या हाती येतो, पण तो त्यांनी लढून मिळवलेला नसतो. पूर्वायुष्य उघडे पडण्याच्या बेतात असलेला मालकच तो त्यांना दान करून निघून जातो. हे कसले परिवर्तन, असा त्याचा आक्षेप असतो आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

उद्योगाची बाजू घेणाऱ्या प्रेक्षकाचा आक्षेप नेमका उलट असतो. कारखाना म्हणजे तुरुंग हे समीकरण त्याला अन्यायकारक वाटते. हेन्री फोर्ड यांनी १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळवायला सुरुवात केली, म्हणून मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ग्रामोफोन घरोघरी गेला तोही मोठ्या उत्पादनामुळेच. ज्या यंत्रसंस्कृतीने खुद्द चित्रपट नावाची कला जन्माला घातली, तिच्यावर चित्रपटानेच तोंडसुख घ्यावे हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे तो विचारतो. हा आक्षेपही झटकून टाकण्यासारखा नाही.

परंतु दोन्ही आक्षेप बाजूला ठेवले तरी चित्रपटाचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. तो प्रश्न मालकीचा नाही, माणसाचा आहे. चित्रपटातील एक प्रसंग पाहा. एमिल मोकळ्या जागेत गवतावर निवांत पडला आहे. पोलीस येऊन त्याला कामाला लागण्यास बजावतात. लगेच पुढच्या दृश्यात शाळेचा वर्ग दिसतो आणि गुरुजी मुलांना धडा देत असतात की काम सक्तीचे आहे, कारण काम म्हणजेच स्वातंत्र्य. १९३१ च्या प्रेक्षागृहात या विरोधाभासावर हशा पिकला असेल. पुढे नाझी छळछावण्यांच्या प्रवेशद्वारांवर 'श्रम मुक्ती देतात' अशा अर्थाची अक्षरे झळकली. महायुद्धानंतर हा चित्रपट पाहणाऱ्याला त्या वर्गात हसू येत नाही, अंगावर काटा येतो. दृश्य तेच, शब्द तेच. प्रेक्षकाचा अनुभव बदलला आणि मत बदलले. श्रमाची प्रतिष्ठा सांगणे वेगळे आणि श्रमाची सक्ती करून तिलाच मुक्ती म्हणणे वेगळे. हा विवेक सुटला तर डावी राजवट काय, उजवी काय, दोन्हीकडे माणसाचा क्रमांक होतो.

या चित्रपटाची एक कथा न्यायालयातही घडली. १९३६ मध्ये चार्ली चॅप्लिन यांचा 'मॉडर्न टाइम्स' आला. त्यातही सरकता पट्टा होता आणि त्यावर त्रेधा उडालेला कामगार होता. क्लेअर यांच्या चित्रपटाची निर्माती असलेली टोबिस कंपनी तोवर नाझी जर्मनीच्या प्रभावाखाली गेली होती. तिने चॅप्लिन यांच्यावर वाङ्मयचौर्याचा दावा ठोकला. क्लेअर यांनी मात्र त्या दाव्याला साथ देण्यास नकार दिला. चॅप्लिन यांच्याकडून आपणच शिकलो आहोत आणि त्यांनी आपल्याकडून काही घेतले असेल तर तो आपला सन्मान आहे, अशी त्यांची भूमिका होती. युद्धानंतर तडजोड होऊन प्रकरण मिटले. कलावंताची उंची कशात असते हे यातून कळते. आणखी एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींची चॅप्लिन यांनी भेट घेतली होती आणि त्या भेटीत यंत्राचाच विषय निघाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस क्लेअर यांचा चित्रपट पडद्यावर आला. लंडन असो वा पॅरिस, विचारी माणसांना तेव्हा एकच चिंता ग्रासत होती.

आता शेवटाकडे वळू. नव्या स्वयंचलित कारखान्याचे उद्घाटन आहे. एक वयोवृद्ध वक्ता भाषण करीत आहे. सोसाट्याचा वारा सुटतो, नोटा हवेत उडू लागतात आणि उंच टोप्या घातलेली प्रतिष्ठित मंडळी आधी संकोचत, मग लाज सोडून त्या नोटांमागे धावू लागतात. वक्त्याचे भाषण मात्र चालूच राहते! भाषणाला आलेल्या कोणत्याही देशातील श्रोत्यांना हे दृश्य परके वाटू नये. त्यानंतर यंत्रे आपोआप ग्रामोफोन तयार करतात, कामगार पत्ते खेळतात, नदीकाठी मासे धरतात, नाचतात. लुई आणि एमिल मात्र खिशात दमडी नसलेले भटके होऊन रस्त्याने गात निघालेले असतात.

हा शेवट १९३१ मध्ये स्वप्नरंजन वाटला. पण १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये लेऑन ब्लूम यांच्या सरकारने चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची पगारी रजा यांचे कायदे केले. स्वप्नाचा एक तुकडा पाच वर्षांत प्रत्यक्षात उतरला. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तर १९३० मध्येच भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेसे होईल आणि मोकळ्या वेळाचे काय करावे हाच त्याच्यापुढचा खरा प्रश्न ठरेल. ती शंभर वर्षे आता भरत आली आहेत. यंत्र हातांचे काम घेऊन थांबलेले नाही. लिहिणे, चित्र काढणे, हिशेब तपासणे ही बुद्धीची कामेही ते करू लागले आहे. पंधरा तासांचा आठवडा मात्र कोठे दिसत नाही. कोणाच्या वाट्याला दिवसरात्र काम आले आहे, तर कोणाच्या वाट्याला कामच उरलेले नाही.

म्हणून आजचा प्रेक्षक हा चित्रपट पाहतो तेव्हा त्याचे मत कालच्या प्रेक्षकांहून वेगळे होते. यंत्र काम करील आणि माणूस मासे धरील, हे ठीक. पण मासे धरणाऱ्याच्या घरची चूल कोण पेटवील? आणि ती पेटली तरी आपल्या हातून काही घडले, कोणाच्या उपयोगी पडले, हे समाधान त्याला कोठून मिळेल? सुताराला रंधा मारताना, विणकराला वस्त्र उतरवताना लाभणारा आनंद हा केवळ मजुरीचा भाग नसतो. या प्रश्नाचे उत्तर क्लेअर यांच्यापाशी नव्हते, हे मान्य करायला हवे. त्यांनी आपल्या दोन नायकांना मोकळ्या रस्त्यावर सोडून दिले. रस्त्यावरून एक आलिशान मोटार जाते आणि लुई क्षणभर तिच्याकडे पाहत राहतो. एमिल त्याला लाथ मारून भानावर आणतो. मोह सुटत नाही, मित्र मात्र सावध करतो. उत्तर म्हणून एवढेच.

पण उत्तर चुकले म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. क्लेअर यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. परक्या तटावरून आलेला प्रामाणिक प्रश्न ऐकून घेणे आणि त्याला आपल्या बुद्धीने, आपल्या मातीतून उत्तर शोधणे, यातच नीरक्षीरविवेक आहे. 'स्वातंत्र्य आमचे' असे म्हणणे सोपे असते. मिळालेल्या स्वातंत्र्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ते काम अद्याप कोणत्याही यंत्राने माणसाकडून काढून घेतलेले नाही.