शून्यापासून मोजणी आणि सीमेचा इशारा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. 876 चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात आणि नित्य द्यावयाच्या माळा 50, हे आकडे त्यात शून्यासह कोरलेले आहेत. संगणकाच्या ‘सी’ भाषेत तर मोजणीचा आरंभच शून्याने होतो.

या 50 माळांसाठी त्या भाषेत अ‍ॅरे, म्हणजे सलग 50 घरांची रांग, आखली, तर पहिल्या घराचा क्रमांक 0 आणि शेवटच्याचा 49 असतो. क्रमांक 50 चे घर रांगेत नसतेच. तरीही ते मागितल्यास भाषा स्वतःहून अडवीत नाही. बांध ओलांडून नांगर शेजाऱ्याच्या शेतात शिरावा, तशी स्मृतीतील परकी माहिती वाचली जाते किंवा बिघडते.

प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशी चूक ओळखू आल्यास इशारा देतो. मात्र इशारा म्हणजे मनाई नव्हे. प्रोग्रॅम बहुधा तयार होतोच. शिवाय क्रमांक प्रोग्रॅम चालू असताना बाहेरून येणार असेल, तर कंपायलरला तो आधी कळत नाही. 2014 साली उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ दोषात बाहेरून आलेल्या लांबीची पडताळणीच होत नव्हती. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती परक्यांच्या हाती जाऊ शकत होती.

शाळा, बँका व कचेऱ्यांच्या नोंदी आज संगणकावर आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना आरंभीच दोन सवयी लावणे इष्ट आहे. प्रत्येक इशाऱ्याचे कारण समजल्याखेरीज काम पूर्ण मानू नये आणि बाहेरून आलेला आकडा सीमेत आहे की नाही, हे वापरण्यापूर्वी तपासावे.