नकार लेखी मागा



अध्यक्षाने आधी आयोजकांचे आभार मानावेत असा रिवाज आहे. ते मी मनापासून मानतो आणि लगेच भांडायला उभा राहतो. आज सकाळी याच सभागृहात आपण अपंगांना तीनचाकी सायकली वाटल्या. हार झाले, फोटो झाले. पण ज्यांना त्या दिल्या त्यांच्यापैकी एकालाही या व्यासपीठावर येता आलं नाही, कारण इथे चढायला नुसत्या पायऱ्या आहेत. सत्कार खालीच उरकला. सी-स्कीमसारख्या सुखवस्तू भागात, चांगलं भाडं मोजून घेतलेल्या सभागृहात हे घडलं आणि आपल्यापैकी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझी तक्रार त्या पायऱ्यांपेक्षा या न वाटण्याबद्दल जास्त आहे.

आपण जयपूरकर मराठी माणसं. गावाकडून पाहुणे आले की हवामहल दाखवतो आणि जयपूर फूटचं कौतुक सांगतो. त्या पायामागचा विचार मात्र सांगत नाही. सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी कृत्रिम पाय बसवत, तेव्हा तो पाय परदेशी घडणीचा असे. त्यावर बूट चढवावाच लागे. शेतकरी तो घेऊन गावी जाई आणि थोड्याच दिवसांत कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबडी धरी. ज्या पायाने उकिडवं बसता येत नाही, मांडी घालून जेवता येत नाही, चिखलात उतरता येत नाही, तो पाय त्याच्या काय कामाचा? सेठींनी रुग्णाला आडमुठा ठरवलं नाही. रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराला, सगळे ज्यांना मास्टरजी म्हणत त्यांना, हाताशी घेतलं आणि दोघांनी पायच नव्याने घडवला. रबराचा, लाकडाचा, अनवाणी चालता येईल, पाण्यात भिजला तरी चालेल, सगळ्या बाजूंना वळेल असा. ते साल १९६८. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव बराच काळ मागेच राहिलं, तो अन्याय निराळाच. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती आजही हा पाय मोफत बसवते.

माणूस जसा जगतो तसं साधन घडवायचं, हे या शहराने जगाला करून दाखवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ शाळेकडे, महाविद्यालयाकडे, कचेरीकडे यापेक्षा वेगळं काही मागत नाही. संस्थेवर अवाजवी बोजा पडत नसेल, तर गरजेप्रमाणे वाजवी सोय केलीच पाहिजे, आणि ती नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे २१ प्रकार त्यात आहेत. सरकारी नोकरीत ४ टक्के, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

आता शाळेचं बघा. जोहरी बाजारात गलाईचं काम करणारे एक सांगलीकर गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे आले. मुलगी आठ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालते, बोलताना अडखळते, गणितात वर्गाच्या पुढे. शहरातल्या एका शाळेने सांगितलं, ‘आमच्याकडे सोय नाही, तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो.’ मी विचारलं, खालच्या मजल्यावर काय आहे? म्हणाले, स्वागतकक्ष आणि शाळेला मिळालेल्या चषकांची खोली. चषक खाली आणि मूल बाहेर! मी त्यांना एकच सांगितलं: नकार लेखी मागा, कायद्याचं कलम १६ अर्जात घाला. लेखी नकार काही आला नाही. चार दिवसांनी फोन आला की वर्ग खाली हलवता येईल. ना पैसा लागला, ना बांधकाम. मान्यताप्राप्त शाळेला असा नकार देता येत नाही, हे त्या शाळेला पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. बापाला ठाऊक नसेल, यावर सगळा भरवसा होता.

नोकरीतही तेच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१६ साली त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३व्या आल्या. रेल्वेची लेखा सेवा वाट्याला आली आणि दिसत नाही म्हणून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४व्या आल्या आणि २०१९ साली तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. आपण त्यांच्या जिद्दीवर भाषणं करतो. मी विचारतो, ७७३वा क्रमांक मिळवलेल्या बाईंनी १२४वा मिळवून दाखवल्यावरच तुम्ही मान लववणार का? ज्याला दुसऱ्यांदा परीक्षेला बसायचं बळ नाही, घरून पैसा नाही, त्याचा पहिला नकार तसाच पचवला जातो. त्याच्यावर कुणी भाषण करत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत काही बाकी ठेवलेलं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमारला लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचं अपंगत्व किमान ४० टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हतं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाचा हक्क त्या चौकटीत कोंडता येणार नाही. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंडला वाचादोषाची टक्केवारी जास्त म्हणून वैद्यकीय प्रवेशाला अपात्र ठरवलं होतं. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालय म्हणालं, नुसत्या आकड्यावरून कुणाला बाहेर काढू नका, तो अभ्यासक्रम त्याला झेपेल का ते तपासा. आणि न्यायमूर्ती सुनंदा भंडारे, नागपुरात जन्मलेल्या, दिल्ली उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने १९९५ चा जुना कायदा राबवा म्हणून १९९८ साली याचिका केली. निकाल लागला २०१४ साली, आपल्या जोधपूरच्या न्यायमूर्ती लोढांच्या खंडपीठाकडून. संसदेने केलेला कायदा सरकारने पाळावा, एवढं वदवून घ्यायला सोळा वर्षं! पहिलीतलं पोर तेवढ्यात पदवीधर होतं.

मला माहीत आहे, चहाच्या वेळी कोण काय बोलणार ते. पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं प्रकरण २०२४ साली गाजलं आणि आपल्या घराघरांत वाक्य तयार झालं: ‘हे सगळे खोटेच असतात.’ खोटं करून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे. ती जरूर द्या. पण २०११ च्या जनगणनेत राजस्थानात साडेपंधरा लाखांवर आणि महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर अपंग नोंदले गेले. एका संशयासाठी एवढ्या माणसांना तपासणीच्या रांगेत उभं करायचं, ही न्यायाची रीत नाही. आपल्या व्यापारात एकाने खोटं बिल केलं म्हणून सगळ्या बाजाराला चोर म्हटलेलं आपल्याला चालेल का?

आणि व्यापाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. खासगी नोकरीत आरक्षण नाही, हे खरं. पण समान संधीचं धोरण ठरवून जाहीर करणं खासगी आस्थापनेलाही बंधनकारक आहे. ज्यांनी ते केलं आहे त्यांनी हात वर करावा. मी थांबतो.

पाहिलंत? कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. पण मला तुमच्याकडून दंड नको, माणसं कामावर घेतलेली हवीत. ज्याला ऐकू येत नाही त्याचा हात गलाईच्या भट्टीपाशी कमी चालतो असं मला कुणी दाखवून द्यावं.

दानधर्म करायला माझी ना नाही. सायकल लागते, पाय लागतो. पण सायकलवर बसून माणूस जाणार कुठे? शाळेत प्रवेश नाही, कचेरीत पायऱ्या, मुलाखतीत ‘कळवतो’. आपण त्याला चाकं देतो आणि पोचायची सगळी दारं बंद ठेवतो, आणि वर त्याच्याकडून धन्यवादाचे दोन शब्दही बोलवून घेतो. हे मला यापुढे या मंडळात बघायचं नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझी मागणी आहे. वाटपासाठी ठेवलेल्या निधीतला अर्धा भाग यंदापासून तक्रारी, अर्ज आणि याचिका यांच्यासाठी राखावा. आपल्यात वकील आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावरही तक्रार करता येते, तिथून सुरुवात करू. आणि ज्यांच्या घरच्या मुलाला, भावाला, सुनेला अपंगत्वापायी शाळेने किंवा नोकरीने परत पाठवलं असेल, त्यांनी लाजून गप्प बसू नये. परत जा, नकार लेखी मागा, देत नसतील तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचा हुद्दा लिहून ठेवा आणि तो कागद येत्या रविवारी माझ्याकडे घेऊन या.