खडकाच्या पोटांतलें पाणी

(नभोवाणीवरील भाषण)

विहिरीच्या कांठावर उभा राहून मनुष्य आंत डोकावतो, तेव्हां त्याला पाणी दिसतें; खडक दिसत नाहीं. माझें सारें नोकरीचें आयुष्य या न दिसणार्‍या खडकाच्या मागें गेलें. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत जमिनीच्या खालीं कोणता खडक कोठवर पसरला आहे, त्यांत पाणी कोठें सांठतें, कोणत्या वाटेनें सरकतें आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांतलें किती उरतें, याचे नकाशे तयार करणें हें माझें काम. या कामांत मला जें कळलें, आणि जेथें मी चुकलों, तें दोन्ही आज आपणांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

प्रथम खडकांची ओळख. सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त रस बाहेर आला व एका थरावर दुसरा, दुसर्‍यावर तिसरा असा पसरून थिजला. त्यापासून झालेला काळा पाषाण आजहि सुमारें 5 लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. डोंगरांच्या उतरणीवर हे थर पायर्‍यांसारखे दिसतात, आणि स्वीडिश भाषेंतील पायरीवाचक शब्दावरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हें नांव मिळालें. कर्नल साइक्स यांनीं 1830 नंतरच्या दशकांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच सुमारास, 1837 सालीं, माल्कमसन नांवाच्या एका लष्करी डॉक्टरानें नांदेडच्या पूर्वेस निर्मळच्या डोंगरांत सांपडलेल्या गोड्या पाण्यांतील शंखशिंपल्यांचें वर्णन लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांपुढें ठेविलें. अग्निरसाच्या दोन लोटांमध्यें येथें तळीं होतीं व त्यांत जीव नांदत होते, असा त्याचा अर्थ. पाण्याची आणि या खडकाची सोबत इतकी जुनी आहे.

लातूर जिल्हा जवळजवळ सगळाच या पाषाणावर वसला आहे. नांदेडची गोष्ट निराळी. कंधार-मुखेडकडून देगलूर-बिलोलीच्या दिशेनें निघालें, म्हणजे काळ्या पाषाणाचें पांघरूण विरत जातें आणि त्याखालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. गोल धोंड्यांच्या टेकड्या दिसूं लागल्या कीं प्रवाशानें समजावें, आपण दुसर्‍या खडकाच्या राज्यांत आलों. उत्तरेस किनवटकडे गेलें तर उनकेश्वरास ऊन पाण्याचा झरा भेटतो. तें पाणी फार खोलवरून, भेगांच्या वाटेनें वर येतें. दोन जिल्हे, एकच पाऊस, परंतु खालचीं भांडीं निराळीं.

हें भांडें कसें असतें, हें मला पुस्तकानें जेवढें शिकविलें त्याहून अधिक एका वडार मिस्त्रीनें शिकविलें. नोकरीच्या पहिल्या वर्षीं औसा भागांत एका विहिरीवर मी गेलों होतों. दहा मीटरांवर काळा अखंड पाषाण लागला होता आणि मालक काम थांबविण्याच्या विचारांत होता. मींहि मान डोलावली. तेव्हां तो म्हातारा मला म्हणाला, “सायेब, पाषाण लागला म्हून हात झटकू नगा. त्येच्या खाली पुन्यांदा मांजर्‍या हाय.” मीं विचारलें, “आप्पा, तुम्हांला कसें कळलें?” त्यानें हातानें खालच्या ओढ्याची दरड दाखविली. दरडींत थरांची रचना उघडी होती. वर मुरूम, त्याखालीं मांजर्‍या, म्हणजे फुटका सच्छिद्र खडक, त्याखालीं पाषाण, मग तांबड्या मातीची एक पातळ रेघ, आणि त्या रेघेखालीं पुन्हां मांजर्‍या. त्या दुसर्‍या मांजर्‍यांतून ओढ्यांत पाझर येत होता. पुस्तकांत मीं हेंच वाचलें होतें. प्रत्येक लाव्हाथराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र होतो व तळ घट्ट राहतो, हें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत मीं लिहिलेंहि होतें. पण डोळ्यांसमोरच्या दरडीकडे पाहण्याचें मला सुचलें नव्हतें. तेव्हांपासून कोणत्याहि गांवीं गेलों कीं आधीं ओढे पाहावे, मग विहिरी उतराव्या, आणि शेवटीं यंत्र काढावें, असा माझा क्रम ठरला.

यंत्राविषयीं थोडें सांगतों. जमिनींत चार सळया रोवावयाच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडावयाची व आंतल्या दोहोंमध्यें तिचा दाब मोजावयाचा. कोरडा अखंड पाषाण विजेला फार अडवितो. ओला, फुटका खडक कमी अडवितो. सळयांमधील अंतर वाढवीत नेलें म्हणजे अधिकाधिक खोलीची वार्ता मिळते. पद्धति उत्तम, पण ती पाण्याचें नांव घेऊन बोलत नाहीं. चिकण मातीहि विजेला कमी अडविते. एका गांवीं मातीच्या अशाच थराला पाणी समजून मीं जागा दाखविली आणि विंधनविहिरींतून नुसती तांबडी धूळ उडाली. त्या दिवशीं गांवांतील पाणाड्या हातांत नारळ घेऊन माझ्याकडे पाहून हंसला. तें हसूं मीं पुष्कळ दिवस लक्षांत ठेविलें होतें. त्याच्या नारळावर माझा विश्वास बसला नाहीं, परंतु माझ्या यंत्रावरचा आंधळा विश्वास मात्र गेला.

मराठवाड्यांत विंधनविहिरींचें युग 1972 च्या दुष्काळानंतर खर्‍या अर्थानें सुरू झालें. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास उभी राहिली. गांवोगांव दिसणार्‍या हातपंपाचा इतिहासहि आपल्या भूमीशीं जोडलेला आहे. मिशनर्‍यांनीं जालन्यास एक मजबूत पंप घडविला, सोलापुरास त्यांत सुधारणा झाली, आणि त्यांतूनच पुढें ‘इंडिया मार्क टू’ हा जगभर गेलेला पंप निघाला. बायकांच्या डोक्यावरील घागरीचा प्रवास या पंपानें कोसांवरून पावलांवर आणला, हें विसरतां येणार नाहीं. पूर्वेकडील ग्रॅनाइटच्या कांहीं गांवीं मात्र त्याबरोबर निराळा प्रश्न आला. तेथील खडकांतून पाण्यांत फ्लोराइड उतरतें. लिटरमागें दीड मिलिग्रॅमच्या वर तें गेलें तर दांत व हाडें बिघडतात. म्हणून पाणी लागलें एवढ्यानें आमचें काम संपत नसे. तें तपासल्यावांचून पंप बसवूं नये, असें आम्ही सांगत असूं.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं, नांव सांगत नाहीं, दुष्काळाच्या वर्षीं पिण्याच्या पाण्यासाठीं जागा शोधण्यास मी गेलों. नकाशावर तेथील ओढा सरळ रेघेसारखा जात होता. ओढा इतका सरळ जातो तेव्हां त्याच्या खालीं बहुधा खडकाची भेग असते. यंत्रानेंहि तेंच सांगितलें. विंधनविहीर घेतली आणि पंचावन्न मीटरांवर पाणी उसळून वर आलें. गांवानें नारळ फोडले, मला हार घातला. त्या आनंदांत ओढ्याच्या रेघेचा माझा नकाशा मीं ज्यानें मागितला त्याला दिला. ज्ञान लपवूं नये, एवढेंच तेव्हां मनांत होतें.

चार वर्षांनीं पुन्हां त्या गांवीं जाण्याचा योग आला. त्या रेघेवर दोहों बाजूंनीं खासगी विंधनविहिरींची रांग लागली होती आणि ओढ्याकांठीं उसाचे फड डोलत होते. पिण्याच्या पाण्याचा पंप फेब्रुवारींतच कोरडा पडला होता. वरच्या अंगाच्या आडांत पाणी नव्हतें. ज्यांच्याजवळ खोल जाण्यास पैसा नव्हता, त्यांच्या जुन्या विहिरी प्रथम आटल्या होत्या. एक वृद्ध बाई पंपाजवळ रिकामी घागर घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं मला ओळखलें. म्हणाल्या, “सायेब, तुमी पानी दावलं खरं. पर कुनाला दावलं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पाणी कोठें आहे हें मीं नकाशावर लिहिलें होतें. किती आहे आणि कोणासाठीं राखावयाचें, हें लिहिलें नव्हतें. पहिल्या उत्साहांत मी असें समजत होतों कीं, पाण्याची जागा दाखविणें म्हणजे पाणी देणें.

किती आहे, याचा हिशेब वास्तविक अवघड नाहीं. नदीकांठच्या वाळूच्या गाळांत एक घनमीटर जागेंतून सुमारें 160 लिटर पाणी निघूं शकतें; आपल्या फुटक्या, सच्छिद्र काळ्या खडकांतून सुमारें 20 लिटर. भांडें असें उथळ आहे. त्या भागांत वर्षास पाऊस सुमारें 800 मिलिमीटर धरला आणि त्यांतील शेंकडा 8 भाग खडकांत मुरला असें मानिलें, तर एका हेक्टरामागें 640 घनमीटर, म्हणजे 6 लक्ष 40 हजार लिटर पाणी खालीं जातें. उलट उसाला पावसाचा वाटा वजा जातां हेक्टरी निदान 15,000 घनमीटर पाणी वरून द्यावें लागतें. म्हणजे एक हेक्टर ऊस तेवीस हेक्टरांचा पाझर पिऊन टाकतो. हा हिशेब मीं त्या गांवच्या चावडीवर खडूनें लिहून दाखविला. कोणी रागावले, कोणी उठून गेले. एक तरुण शेतकरी मात्र म्हणाला, “साहेब, मग आणखी खाली जाऊ. पाताळात समुद्र हाय म्हणतात.”

या समजुतीला उत्तर मिळालें तें एका मोठ्या दुःखाच्या निमित्तानें. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला व सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याचें कारण शोधण्यासाठीं पुढें किल्लारीस 617 मीटर खोल विवर घेण्यांत आलें. त्या विवराचा हेतु पाणी हा नव्हता. परंतु आमच्या पायांखालीं खरोखर काय आहे, हें त्यानें प्रथमच हातांत आणून दिलें. वर 338 मीटर काळा पाषाण, त्याखालीं जेमतेम 8 मीटर जुना गाळ, आणि मग शेवटपर्यंत सुमारें 250 कोटि वर्षांचा आदिखडक. पाताळांतला समुद्र त्यांत कोठेंहि आढळला नाहीं. खोल जावें तसतसा वरचा भार वाढतो, भेगा मिटत जातात. खोल भेगेंत लागलेलें पाणी बहुधा वरच्याच थरांतून झिरपलेलें असतें. तें उपसणें म्हणजे शेजार्‍याच्या विहिरीचा तळ फोडणें होय.

वरचें धरण आटलें आणि खालचा खडकहि रिता झाला, तर काय होतें, हें लातूर शहरानें 2016 सालीं पाहिलें. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें, आणि 12 एप्रिल रोजीं मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी लातुरास पोंचली. तिच्या दहा डब्यांत सुमारें 5 लक्ष लिटर पाणी होतें. मघांच्या हिशेबानें पाहिलें तर एक हेक्टर जमीन वर्षाला याहून अधिक पाणी मुकाट्यानें खालीं मुरविते. आगगाडीचें चित्र देशभर छापलें गेलें. खडकाच्या या देण्याची बातमी होत नाहीं.

कायदा याबाबत अगदींच मुका नाहीं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरांच्या आंत नव्या विहिरीला 1993 च्या कायद्यानें आडकाठी घातली. 2009 च्या कायद्यानें 60 मीटरांच्या खालीं जाणार्‍या विहिरींवर निर्बंध आणले. पण ज्या रात्रीं यंत्रगाडी शेतांत शिरते, त्या रात्रीं कायदा तालुक्याच्या गांवीं झोंपलेला असतो. शेजार्‍यांनीं एकमेकांचें राखलें, तरच तो जागा राहतो.

त्या गांवाचा प्रश्न सुटला, असें मी म्हणणार नाहीं. पिण्याच्या पंपाजवळच्या चौघांनीं ऊस मोडून तूर व सोयाबीन घेतलें. ओढ्याच्या वरच्या अंगाला चर खणले गेले. पंप पुढें मार्चअखेर चालूं लागला. मे महिन्यांत मात्र टँकर लागतच राहिला. त्या दिवसापासून मीं जो नकाशा काढला, त्यावर पाण्याच्या जागेशेजारीं वर्षाला किती उपसावें तो आंकडाहि लिहिला, आणि तो नकाशा एकट्याच्या हातीं न देतां ग्रामसभेंत वाचून दाखविला.

श्रोतेहो, शेवटीं एक विनंती. आपल्या विहिरींत दोरीला वजन बांधून सोडावें आणि पाणी कांठापासून किती खालीं आहे तें मोजावें. एकदां दिवाळीच्या सुमारास, एकदां मे महिन्यांत. दोन्ही आंकडे तारखेसह घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे. शेजार्‍याच्या विहिरीचेहि लिहावे. पांच वर्षें असें केलेंत तर आपल्या खडकाविषयीं माझ्या कोणत्याहि नकाशाहून अधिक माहिती आपल्या भिंतीवर जमा होईल, आणि पुढील विंधनविहिरीचा विचार करतांना पाणाड्याला किंवा माझ्यासारख्या अधिकार्‍याला विचारण्यापूर्वीं आपण त्या भिंतीला विचारूं शकाल.